ओल्या फडक्याचा आकडा

मिरवणूक दुपारी तीनलाच निघणार हे कमिटीने फळ्यावर लिहून टाकलं होतं, आणि खाली 'सूचना असल्यास रविवारच्या मीटिंगमध्ये मांडाव्यात' अशी पुरवणी जोडली होती. म्हणजे पंगत उठल्यावर काय वाढू विचारायचं. संघमित्राचं डोकं तो फळा वाचतानाच फिरलं.

परळच्या त्या चाळीची जयंती मे महिन्यात असते. एप्रिलात सगळे मोठ्या मिरवणुकीला जातात, मेमध्ये पोरांना सुट्टी असते, लग्न होऊन गेलेल्या पोरी माहेरी येतात, म्हणून चाळीने स्वतःची मिरवणूक मेमध्ये ठेवली. गेल्या वर्षी त्या मिरवणुकीत संघमित्राची आई राधा, सदुसष्ट वर्षांची, पांढऱ्या साड्यांच्या पहिल्याच रांगेत भर उन्हात चालता चालता सिग्नलजवळ खाली बसली आणि मग तिला उठताच येईना. दोन दिवस सलाईनवर होती. अजून अर्धा तास उशीर झाला असता तर किडनी गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. यंदाही राधाने साडी इस्त्री करून ठेवली होती. घरी बस म्हटलं तर ऐकणाऱ्यातली ती नाही. तेव्हा उपाय एकच उरला, मिरवणूक सहाला काढायची. आणि त्या उपायाला आडवा कमिटीचा अध्यक्ष बसला होता, म्हणजे संघमित्राचा बाप बुधाजी.

मीटिंगही या शहाण्यांनी दुपारी तीनलाच ठेवली होती. विहारासमोरच्या अंगणात पत्र्याखाली पंधरा खुर्च्या, एक पंखा, आणि तोसुद्धा अध्यक्षांकडे तोंड करून. संघमित्रा शाळेत विज्ञान शिकवते. ती सत्तर वर्षांच्या तापमानाचे रंगीत आलेख छापून घेऊन आली होती. ते हातोहात फिरले आणि बायकांनी त्यांचाच पंखा करून वारा घ्यायला सुरुवात केली.

सेक्रेटरी सुशांत उठला. पोरगा वाईट नाही, पण मोबाईलमध्ये जे येईल ते त्याला खरं वाटतं.

"ताई, राग मानू नको. मी एक व्हिडिओ बघितला, फॉरेनचा सायंटिस्ट आहे. तो बोलतो, पृथ्वी मधून मधून गरम होतेच. हजारो वर्षं चालूय. हा सगळा सोलरवाल्यांचा धंदा आहे."

"नाव काय त्या सायंटिस्टचं?"

"नाव नाय लक्षात. सूट घातलेला होता."

"हजारो वर्षांत व्हायचं ते शंभर वर्षांत झालंय, सुशांत. आणि ते कोळसा-तेलामुळेच झालंय हे ओळखता येतं. जमिनीखालून काढलेल्या कोळशातला कार्बन वेगळा असतो, हवेत नेमका तोच वाढलाय. सूर्यामुळे झालं असतं तर वरची उंचावरची हवापण तापली असती. ती उलट थंड होतेय. मधे कोणीतरी गोधडी टाकल्यासारखं, ऊब खालीच अडकते."

"ते तुझ्या पुस्तकात. मला काय दिसतं? मागच्या डिसेंबरला स्वेटर घातला मी."

सातवीच्या पोरांना ती हेच तीन-तीनदा समजावते, न चिडता. इथे दुसऱ्या वाक्याला तिचा आवाज चढला. एका स्वेटरवरून सत्तर वर्षं ठरत नाहीत, आकडे वाचायचे नसतील तर आम्ही शिकलोच कशाला, ज्यांनी शिका म्हणून सांगितलं त्यांच्याच जयंतीला हे ऐकायचं का, असं बरंच काही ती बोलली. खरं होतं सगळं, पण ऐकणाऱ्याचं तोंड जास्तच वाकडं होईल अशा तऱ्हेने बोलली. सुशांत मोबाईलमध्ये मान घालून बसला.

मग बुधाजी बोलला. बहात्तर वर्षांचा, ताठ, गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी खात्यातल्या यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय असल्यासारखा मोठ्याने बोलणारा.

"गरमी आम्हाला शिकवू नको. रिंग खात्यात सूत काढत आठ आठ तास याच्या वरताण गरमीत उभे होतो आम्ही. कोण मेलं?"

बायकांच्या रांगेत राधाने मान वर केली.

"मामा गेला," संघमित्रा म्हणाली.

"कुशाबा हार्टने गेला. सगळ्यांना माहीत आहे."

कुशाबा म्हणजे राधाचा थोरला भाऊ, बुधाजीच्याच खात्यात होता. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाळीत असताना यंत्राशेजारी पडला आणि तिथेच संपला. संघमित्राने त्याला फोटोतच पाहिलेलं. नाव तोंडून गेलं, तरी वाद तिकडे न्यायचा तिचा विचार नव्हता. तिने पिशवीतून शाळेतले दोन थर्मामीटर काढले, पट्टीला बांधलेले, एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं, आणि ते पत्र्याच्या खांबाला अडकवले.

"आलेख नको तर नको. हे बघा. नुसत्या उन्हाने माणूस पडत नाही. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही आणि अंग आतून तापत जातं. ते या ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर कळतं."

"ते पिशवीत घाल," बुधाजी म्हणाला.

"का?"

"घाल म्हणतो ना. खोटं असतं ते."

"बाबा, थर्मामीटर आहे तो. खोटा कसा असेल?"

"कसा असेल काय विचारतेस? मी लिहायचो तो आकडा." बुधाजी खुर्चीतून उठला होता. आता तो बापासारखा नाही, भांडायला आलेल्या माणसासारखा बोलत होता. "खात्यात हेच लावलेलं असायचं, दोन नळ्या, एकीला ओलं फडकं. धागा तुटू नये म्हणून हवेत पाण्याचे फवारे सोडायचे. एकोणतीसच्या वर गेलं की फवारे बंद करायचे असा नियम. फवारे बंद म्हणजे धागा तुटणार, माल कमी निघणार. माझं अक्षर चांगलं म्हणून खात्याच्या मास्तराने रजिस्टर माझ्याकडे दिलं. रोज काय लिहायचं तेही सांगितलं. अठ्ठावीस. पावसाळा असो, मे असो, अठ्ठावीस. सहा वर्षं लिहिलं मी. तुझे हे सत्तर वर्षांचे आकडे पण असेच कोणीतरी पगारी माणसाने लिहिले असणार. आकडे कसे बनतात ते मला विचार."

एवढं बोलून तो जिंकल्यासारखा सगळ्यांकडे पाहायला लागला. संघमित्राच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गेली दहा वर्षं ती या माणसाशी वाद घालत होती, पुस्तकं आणत होती, आणि तुम्हाला आकड्यांचा राग कशाचा, एवढं एकदाही विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

"आकडा खोटा होता," ती म्हणाली. "गरमी खोटी होती का? खरं किती असायचं?"

"असायचं जास्त."

"किती?"

"तीस. एकतीस."

"मामा पडला त्या दिवशी?"

आपण कुठे येऊन पोचलो ते बुधाजीला तेव्हा कळलं.

"त्या दिवशी किती होतं?" हे राधाने विचारलं. ती उठून खांबाशी आली होती.

"राधा, ते आता..."

"किती होतं?"

"तेहतीस."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"अठ्ठावीस." मग घाईघाईने, "नोकरी गेली असती. मित्रा पोटात होती तुझ्या. इन्स्पेक्टर आला, त्याने रजिस्टर बघितलं, म्हणाला खातं ठीक आहे, माणसाचंच हार्ट कमजोर असणार."

सुशांतने मोबाईल खिशात ठेवला.

"आता हे बघा आणि सांगा," राधा म्हणाली.

बुधाजीने चष्मा लावला. ओल्या फडक्याच्या नळीकडे पाहिलं, मग सवयीने इकडेतिकडे पाहिलं, कोणी काय लिहायचं ते सांगेल म्हणून.

"तिकडे नाही. इथे."

"तीस," तो म्हणाला.

"सुशांत, सहाची वेळ लिही," राधाने सांगितलं आणि कोणाला विचारलं नाही. सुशांत खडू शोधायला गेला.

जिंकल्याचं संघमित्राला काहीच वाटलं नाही. राग होता तेवढाच होता, फक्त तो आता आलेखांवरून उरला नव्हता. या माणसाने तिला हाताला धरून शाळेत नेलं होतं आणि खोटं कधी लिहू नये म्हणून पाटी हातात देताना दटावलं होतं.

राधा नवऱ्याकडेच पाहत होती. "मी वहिनीला बोलले होते. तुझ्या कटकटीने माझ्या भावाचं हार्ट गेलं, असं चार लोकांत बोलले. पोराला घेऊन ती चाळ सोडून गेली. तुम्ही तिथेच उभे होता."

"ती आता नाही राहिली, राधा."

"पोरगा आहे. काळाचौकीला राहतो. त्याला जाऊन सांगा, तुमच्या तोंडाने. नाहीतर मिरवणुकीत माझ्या शेजारी चालू नका."

बुधाजीने चपला पायात घातल्या आणि अंगणातून उन्हात उतरला, डोक्यावर काही न घेता. सव्वातीन वाजले होते. संघमित्रा उठली. बाबा, थांबा, ऊन उतरल्यावर जा, हे तिच्या ओठांवर आलं होतं. राधाने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"जाऊ दे," ती म्हणाली.