पितृबारशीची काकडी

जमुनाचे गुडघे तिच्याआधी जागे होत. आभाळ भरून आलंय की नाही, हे बघायला तिला झोपडीबाहेर जावं लागत नसे. आधी डावा गुडघा ठणकायचा, मग उजवा, आणि हाताची पेरं सुजून मुठीत विळा मावेनासा झाला की समजावं, दुपारच्या आत सर येणार. शेजारणी वाळवण घालण्याआधी दारात येऊन विचारत, "जमुने, काय म्हनतात गो पाय?"

"न्या की तुमच्या घरी," जमुना म्हणायची. "रोज बघत बसा."

बायका हसत. जमुनाला हसू येत नसे. निरगुडीच्या पाल्यानं शेकून झालं, करंजेल चोळून झालं. शेवटी भगतानं सुपात तांदळाचे दाणे टाकून सांगितलं, "देवीचं कायतरी राहिलंय तुज्याकडं." हा भगत दहा जणांतल्या नऊ जणांना हेच सांगत असे. पण चोराच्या मनात चांदणं. जमुना घरी आली ती मान खाली घालूनच.

कारण काय राहिलंय, ते तिला ठाऊक होतं.

बोईसरच्या उगवतीच्या त्या डोंगरपाड्यांत रीत अशी की पावसाळ्यातली नवी काकडी, नवी चवळी, नवा दाणा आधी महालक्ष्मीला द्यायचा. भादव्यातल्या पितृबारशीला विवळवेढ्याला तिच्या देवळात जायचं, देवीपुढं टोपली ठेवायची, आणि मगच घरात नवं खायचं. तोवर छपरावर वेल काकड्यांनी लवला तरी पोरंसुद्धा हात लावत नसत. पण एका वर्षी, तिचा मुलगा देवू सहा वर्षांचा असताना, घरातली नाचणी श्रावणातच संपली. कंद उकडून दिवस काढले. आणि एका दुपारी जमुनानं छपरावरची काकडी तोडली आणि झोपडीमागं उभ्यानं खाल्ली, सालासकट. देवूला एक फोडही ठेवली नाही. त्याच पावसाळ्यात गुडघा पहिल्यांदा धरला.

या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. कुणाला ती बोलली नाही, नवऱ्यालाही नाही, आणि आता तर नवराही राहिला नव्हता. दर बारशीला मात्र ती टोपली घेऊन पायी जायची आणि देवळात मागच्या खांबाला धरून उभी राहायची. बसली की तिचे पाय मुडपत नसत, सरळ पसरावे लागत, आणि देवीकडं पाय करणं म्हणजे पापात आणखी भर. तेव्हा उभ्यानंच म्हणायची, "आये, चुकले. गुडघे सोड." देवी काही सोडत नव्हती.

यंदा देवू तारापूरला, विजेच्या मोठ्या कारखान्याच्या कामावर खडी वाहत होता. तिथं हिंदीही शिकला होता. "आय, यष्टीनं जा," तो म्हणाला. "पैदल कशाला?"

"पायांचीच चूक हाय, पायांनीच फेडायची," असं जमुनाच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं आणि म्हणाली, "सवय हाय मला."

सून चिमी पाच महिन्यांची पोटुशी होती, तरी सासू एकटी कशी जाणार म्हणून ती निघाली. टोपलीत तीन काकड्या, चवळीच्या शेंगा आणि मूठभर नवा दाणा. पूर्वी जमुना ही वाट एका दिवसात तोडत असे. आता दोन दिवस लागत. पहिली रात्र वाटेत बहिणीकडं, लाडकीकडं, काढली. सकाळी निघताना दोन्ही गुडघे भोपळ्यासारखे फुगले होते. लाडकी म्हणाली, "बस गो यंदा, पोर नेईल टोपली." जमुनानं ऐकलं नाही. हट्टाला तिच्या औषध नव्हतं.

सूर्या नदीच्या अलीकडं मात्र पायांनी साफ नाही म्हटलं. पाच पावलं चालायची, काठीवर भार टाकायचा, पुन्हा पाच पावलं. ती थकली होती. नुसती वाटेनं नव्हे, पंधरा वर्षं एकच माफी मागून थकली होती. निरगुडीचं झुडूप दिसलं तशी चिमीला झाडाखाली बसवून ती पाला तोडायला बांधापलीकडं गेली. पाला घेऊन परत वळली, आणि थबकली.

चिमी टोपलीवर वाकली होती. हातातली काकडी अर्धी संपली होती. घाईघाईनं, डोळे मिटून, सालासकट खात होती पोर.

जमुनाच्या हातातली काठी आधी उठली. शिवी जिभेवर आली. तेवढ्यात चिमीनं डोळे उघडले आणि जागीच गोठली. मग काकडी पदराखाली लपवायला गेली, ती खाली पडली, आणि पोर रडायलाच लागली.

"आय, कालधरनं पोटात आग पडलीय. लाडकीमावशीकडं लाजेनं दोनदा मागितलं नाय. मला ऱ्हावलं नाय गो." मग पोटावर हात ठेवून तिनं विचारलं, "देवी माजं पोर लुळं करील काय, आय?"

"नाय!"

जमुना इतकी ओरडली की तीच दचकली. खाली बसता येत नव्हतं, म्हणून काठीवर वाकून ती बोलू लागली. "येडी का काय तू? ती गडावर ऱ्हायची, ठावं हाय ना? एक पोटुशी बाई दर्शनाला चढताना पडली, तं म्हनली, तू नको येऊस, मीच येते. गड उतरून खाली आली ती, बाईसाठी! ती एका काकडीपायी तुजं पोर धरील? भुकेजल्या लेकराला मारील ती आय कसली?"

बोलली, आणि बोलता बोलता थांबली. पंधरा वर्षांपूर्वी झोपडीमागं उभी राहिलेली बाई तिला दिसली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी, पावसात भिजलेली. तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं. जमुनाला त्या बाईची फार कीव आली, आणि ती हमसून रडली.

आता चिमी घाबरली. "आय, काय झालं?"

"मीबी खाल्ली व्हती," जमुना म्हणाली. "देवू ल्हान व्हता तवा. त्यालाबी नाय दिली."

चिमीनं सासूच्या गुडघ्यांकडं बघितलं. "मंग हे... देवीनं?"

जमुनानं नाक पुसलं. "नाय गो. तीस वरसं चिखलात वाकून आवणी केली, डोंगरातनं मोळ्या आणल्या. दुखतील नाय तं काय नाचतील?" मग खाली पडलेली काकडी उचलून तिनं पदराला पुसली आणि सुनेच्या हातात दिली. "खा उरलेली. अर्धी टाकू नये."

दुपार कलताना दोघी देवळात पोचल्या. गर्दी होती, नव्या भाजीचा ओला वास होता. जमुना खांबाशी गेली नाही. चिमीचा हात धरून पुढं गेली आणि टोपली ठेवली. "दोन हायत, आये. तिसरी वाटेत खाल्ली, भूक लागली व्हती," तिनं देवीला सांगितलं. गुडघ्यांचं या वर्षी तिनं काढलं नाही.

मग भिंतीला पाठ टेकत, एका हातानं सुनेला धरून ती हळूहळू खाली बसली, आणि दोन्ही पाय देवीसमोर सरळ पसरले.

"अगो, देवीकडं पाय करतीस?" शेजारची बाई करवादली.

"मुडपत नायत," जमुना म्हणाली. "तिला ठावं हाय."

बाहेर सर आली. पाऊस उघडेपर्यंत ती तशीच बसून राहिली.