नववी टोपी

आठ टोप्या उतरल्या आणि मेहरिनिसोचा हात कागदावरच थांबला.

तंबूंच्या मुक्कामाची ती मालकीण. पस्तिशीची, हातात यादी, कानामागे पेन्सिल. पहाटे वाळवंट बघायला गेलेली गाडी सव्वाआठला परत आली, की दाराशी उभं राहून एकेकाचं नाव टिपायचं, हा नियम तिनं या हंगामापासून सुरू केला होता. पांढऱ्या टोप्याही तिच्याच. प्रत्येक पाहुण्याला एक फुकट आणि समोर तिच्या मुक्कामाचं नाव शिवलेलं.

"आका, नववं माणूस कुठाय?" तिनं विचारलं. आका म्हणजे दादा.

ड्रायव्हर सायलाऊ चाकापाशी वाकून हवा बघत होता. त्यानं मान वर केली. "आत असेल. झोपलं असेल कुणी."

आत कुणी झोपलं नव्हतं. शेवटच्या बाकाच्या पाठीवर एक पांढरी टोपी अडकवलेली होती, खाली कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची भरलेली बाटली. सायलाऊनं ती टोपी हातात घेतली. परत येताना आरशात त्यानं दोनदा मागं पाहिलं होतं. गाडी टोप्यांनी भरलेली दिसली होती.

"मोजली नव्हती?" मेहरिनिसो म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटली.

 सायलाऊ माणसं मोजत नसे, हे सगळ्या किझिलकुम वाळवंटाला ठाऊक होतं.

एकसष्ट वर्षांचा हा कझाक माणूस. निवडणुकीच्या दिवशी जन्मला म्हणून बापानं नावच सायलाऊ, म्हणजे 'निवडणूक', ठेवलं. गावातले म्हणत, तेव्हापासून याला कुणी निवडलं नाही. पंचवीस वर्षं सामुदायिक शेतीवर मेंढ्या राखल्या, ती मोडली तेव्हा ट्रॅक्टर चालवला, ट्रॅक्टर मोडला तेव्हा ही लादीपावासारखी दिसणारी जुनी गाडी हाती आली. अकरा वर्षं तो पाहुण्यांना पहाटे वाळूच्या टेकड्यांवर नेत होता, सूर्य उगवताना दाखवत होता, विहिरीपाशी चहा, रोटी आणि साय खाऊ घालून परत आणत होता. आजवर कुणी मागं राहिलं नव्हतं. मेंढपाळ मोजत नाही, ओळखतो, असं तो म्हणायचा. पाहुण्यांचे चेहरे त्याच्या लक्षात राहात नसत, पावलं मात्र राहात. पहाटे गाडीतून उतरले की तो त्यांच्या मागून चालायचा आणि वाळूत कोण कसं उमटलं ते बघून ठेवायचा.

मोजण्याचं म्हणाल तर त्याच्या लोकांत माणसं आणि जनावरं बोट दाखवून मोजत नाहीत. मोजलं की त्यातलं एक कमी होतं. म्हातारी माणसं तसं म्हणतात आणि तरुण हसतात. सायलाऊही तरुणपणी हसला होता. तेव्हा जनगणनेची बाई घरी आली होती, मोठं रजिस्टर घेऊन. पोरं किती, तिनं विचारलं. सायलाऊनं ऐटीत सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवत मोजलं, एक, दोन, तीन, चार, पाच. त्याची आई चुलीपासून ओरडत आली, पण तोवर पाच म्हणून झालं होतं. सर्वांत धाकटी, चार वर्षांची अक्तोती, दोन महिन्यांनी गोवरानं गेली. रस्त्यावर बर्फ होतं आणि डॉक्टर दोन दिवस उशिरा पोचला. ते गोवरानं झालं हे सायलाऊला कळत होतं, पण त्याच्या बोटाला ते कधी पटलं नाही.

"कोण राहिलं?" त्यानं विचारलं.

आठ जण ताश्कंदच्या एका दवाखान्यातल्या प्रयोगशाळेतले, सुट्टीवर एकत्र आलेले. वाटभर गाणी म्हणत होते. ते एकमेकांकडे बघू लागले आणि सगळे इथंच होते. नववी त्यांच्यातली नव्हती. "त्या मास्तरीणबाई," त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली आणि रडायलाच लागली. "आम्हाला वाटलं पुढं बसल्यात."

होशियत ओपा, म्हणजे होशियतताई. सत्तरीला आलेली, गणिताची निवृत्त शिक्षिका, एकटीच आलेली. पहाटे अंधारात ती सायलाऊच्या शेजारी बसली होती. मुलं किती तुम्हाला, तिनं सहज विचारलं होतं. अल्लानं पुष्कळ दिलीत, सायलाऊ नेहमीचं उत्तर बोलला. त्यावर ती म्हणाली होती, "पुष्कळ ही काही संख्या नव्हे." विहिरीवरून निघाल्यावर पाय लांब करायला ती मागच्या बाकावर गेली होती.

शेवटचा थांबा होता बावीस किलोमीटरवर, भेगाळलेल्या चिकणमातीच्या मैदानावर. तिथं सगळ्यांना फोटो काढायचे असतात. दहा मिनिटं. निघताना सायलाऊनं भोंगा वाजवला होता, पण वारा त्याच्याच तोंडावर येत होता. ओपा आडोशाला गेली असणार, आणि लाजेनं लांब गेली असणार. त्या मातीवर पाऊल उमटत नाही. पावलं ओळखणाऱ्या माणसानं नेमकं तिथंच पावलांवर भरवसा ठेवला होता.

दोघं निघाले. मेहरिनिसो त्याच्या शेजारी बसली, मांडीवर पाण्याचा डबा. तिनं जिल्ह्याच्या कचेरीत फोन करून ठेवला होता. ते तीन तासांत माणसं पाठवणार होते. जूनचा महिना, दहा वाजले की वाळूवर हात टेकवत नाही. तीन तासांनी माणसं येऊन काय करणार, हे दोघांनाही कळत होतं.

तिनं डब्याचं झाकण घट्ट केलं. मग म्हणाली, "मी टोप्या उगाच दिल्या."

"टोप्यांचं काय त्यात."

"सगळी सारखी दिसायला लागली ना तुम्हाला. मेंढ्यांसारखी." थोडं थांबून म्हणाली, "आका, ती सापडली नाही तर माझे तंबू उद्या बंद होतील आणि तुम्ही आत जाल. ते सोडा. मला तिच्या घरी फोन करावा लागेल. काय सांगू? आमच्या ड्रायव्हरला एक ते नऊ म्हणायची भीती वाटते, असं सांगू?"

सायलाऊला राग आला नाही. तिचं खरं होतं आणि ते खरं असल्याचीच त्याला लाज वाटत होती. त्यानं गाडी आणखी पळवली. ती जुनी गाडी या वेगाला तयार नव्हती. आतून खडखडाट होत होता.

नऊ वाजता मैदान आलं. कुणी नव्हतं. भोंगा वाजवला, हाका मारल्या. मेहरिनिसो गाडीच्या टपावर चढली आणि डोळ्यांवर हात धरून चारी दिशांना फिरली. सक्सौलची खुरटी झाडं, वाळू, आणि वाळूवरून जमिनीलगत धावणारा वारा. तो वारा बघून सायलाऊचा जीव टांगणीला लागला. असा वारा तासाभरात माणसाचा माग पुसून टाकतो.

"एकीकडे जायला नको," तो म्हणाला. "आधी काठ बघायचा."

मैदानावर पाऊल उमटत नाही, पण मैदान संपून वाळू सुरू होते तिथं बाई कुठूनतरी बाहेर पडलीच असणार. तो मैदानाच्या काठाकाठानं वाकून चालू लागला. उन्हानं मान भाजत होती. मेहरिनिसो गाडी हळूहळू त्याच्या मागून आणत होती. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं काही नाही. कोल्ह्याची पावलं, कासवाची रेघ, त्याच्याच गाडीच्या चाकांचे जुने पट्टे. हे पट्टे अकरा वर्षांत सगळीकडे झाले होते. कुठला आजचा आणि कुठला परवाचा, हे शहरातल्या माणसाला कसं कळावं.

मग त्याला तिची पावलं सापडली. उजवी टाच खोल आणि डाव्या पायाचा चवडा घासत गेलेला. गुडघा दुखतो तिचा. पहाटे टेकडीवर हेच पाऊल त्याच्यापुढून गेलं होतं.

"ही तीच," तो म्हणाला. 

माग सरळ पूर्वेला जात होता. दोघं तोच धरून निघाले आणि काही अंतरावर तो वळून पुन्हा स्वतःच्याच पावलांवरून मागं गेलेला दिसला. सायलाऊ चक्रावला. हरवलेलं माणूस असं करत नाही. ते गोल गोल फिरतं, नाहीतर पळत सुटतं. ही सरळ गेली आणि सरळ परत आली. काठावर आणखी पुढं तसाच दुसरा माग दिसला, उत्तरेला. तोही गेला आणि परत आला. पहिल्याइतकाच लांब.

"काय करतेय ती?" मेहरिनिसोनं विचारलं.

"शोधतेय. एकेक बाजू." तो वाकून तिसऱ्या मागाकडे बघत होता. हा पश्चिमेला गेला होता. याची पावलं जास्त घासलेली आणि जवळ जवळ. "घाबरलीय. पण मास्तरीण आहे."

तिसरा माग परत आला नव्हता.

गाडी मऊ वाळूत जाईना. सायलाऊ पाण्याचा डबा आणि ती टोपी घेऊन पायी निघाला. मेहरिनिसोला त्यानं गाडीपाशीच थांबायला सांगितलं, नाहीतर दोघांना शोधायची पाळी येईल. वारा वाढला होता. माग फिकट होत चालला होता. आता नुसती टाचेची खळगी, दोन पावलं सोडून एक. एका उतारावर तीही नव्हती. सायलाऊ तिथं उभा राहिला. डावीकडे एक उतार, उजवीकडे एक उतार, दोन्ही सारखेच गुळगुळीत.  अकरा वर्षांची ऐट, बापाकडून शिकलेली विद्या, सगळं त्या गुळगुळीत वाळूपाशी संपलं होतं.

तो खाली बसला. बसल्यावर त्याच्या डोक्यात आलं की पहिले दोन्ही माग सारखे लांब होते. अगदी सारखे. म्हणजे बाई मोजत होती. मोजून जात होती आणि मोजून फिरत होती, आणि मोजणारं माणूस रेघ सोडत नाही. डावीकडे नाही, उजवीकडेही नाही. समोर चढ होता. दुखऱ्या गुडघ्याचं कुणी चढणार नाही असा. तो चढला.

पलीकडे सक्सौलच्या बुंध्याशी, चटईएवढीसुद्धा नसलेल्या सावलीत, ती बसली होती. डोक्यावरून स्वेटर घेतलेला, डावा पाय लांब केलेला. चेहरा लाल झाला होता आणि ओठ पांढरे. डोळे मिटलेले होते. सायलाऊला क्षणभर वाटलं, आपण उशिरा पोचलो. पुन्हा एकदा कुणीतरी उशिरा पोचलं.

"ओपा," तो म्हणाला.

"चारशे बारा," तिनं डोळे न उघडता म्हटलं. "पाचशे करायची होती. पाय मुरगळला."

त्यानं तिला पाणी पाजलं, घोट घोट, एकदम नाही. डोक्यावर टोपी घातली. घाईत टोपी उलटी बसली आणि तिनंच ती सरळ केली. तो माफी मागू लागला. तिनं हातानंच थांबवलं.

"मला भीती वाटायला लागली की मी मोजते," ती म्हणाली. "नवरा दवाखान्यात होता तेव्हा फरश्या मोजायची. आज पावलं. मोजत राहिलं की माणूस हरवत नाही."

सायलाऊनं तिला पाठीवर घेतलं. ती फार जड नव्हती, पण वाळू पाय खात होती आणि तो एकसष्ट वर्षांचा होता. चढ उतरल्यावर त्याच्या कानाशी बारीक आवाज येऊ लागला. एकवीस, बावीस, तेवीस. ती त्याची पावलं मोजत होती.  त्याला गप्प बसा म्हणावंसं वाटलं. त्याची आई असती तर तिनं बाईचं तोंड हातानं दाबलं असतं. पण ते आकडे कानात पडत असेपर्यंत बाई जिवंत आहे हे कळत होतं, आणि म्हणून तो ऐकत राहिला.

लांबवर मेहरिनिसो टपावर उभी राहून दोन्ही हात हलवत होती. ती हसत होती की रडत होती, इतक्या लांबून कळत नव्हतं.

कानाशी आवाज थांबला. सायलाऊ दचकून उभा राहिला. "ओपा?"

"चुकले," ती थकून म्हणाली. "कुठवर आलो होतो?"

"दोनशे सात," तो म्हणाला.

 तो पुन्हा चालू लागला. वारा तोंडावर होता आणि मागची पावलं पुसली जात होती, तिची आणि त्याची. बऱ्याच वेळानं त्यानं घसा खाकरला.

"पहाटे तुम्ही विचारलं होतं," तो म्हणाला. "मला मुलं पाच."

"नावं?"

त्यानं ती क्रमानं सांगितली. पाचवं नाव तीस वर्षं त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, तरी ते बरोबर आपल्या जागी आलं.