चौतीस डावे हात

पस्तीस हात वर होते आणि त्यातले चौतीस डावे होते.

लॅबबाईंनी ते मनातल्या मनात परत मोजले. मागच्या बाकावर बसलेले परीक्षक मात्र खुशीत मान डोलवत होते. त्यांना वाटलं असणार, काय हुशार वर्ग आहे! त्यांना काय ठाऊक, की हा याच वर्गातल्या, लॅबबाईंच्या लेकीनं काल संध्याकाळी रचलेला कट होता.

“आई, सगळे शिकाऊ शिक्षक असंच करतात गं! येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. तू फक्त उजवा हात बघून विचार.”

“फाजीलपणा नकोय मला,” असं त्या म्हणाल्या होत्या. पण ‘करू नका’ असं काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

निघणार कसं? अठरा वर्षं त्यांनी याच शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळल्या, दुसऱ्यांच्या तासांना सामान मांडून दिलं. चाळिशी उलटल्यावर शिक्षणशास्त्राची पदवी घ्यायला निघाल्या. लेखी पेपर झटक्यात सुटले, पण परीक्षेचा पाठ दोनदा आपटला. दोन्ही वेळा शेरा एकच: पाठ टाचणाप्रमाणे पूर्ण झाला नाही. आजची संधी तिसरी आणि शेवटची. ही गेली की निवृत्तीपर्यंत परीक्षानळ्याच!

म्हणून आज त्या टाचणाला घोरपडीसारख्या चिकटल्या होत्या. तरफेची व्याख्या, टेकू, भार, बल, आकृती, सूत्र, सगळं घड्याळावर डोळा ठेवून. आणि मग त्यांनी विचारलं होतं, “टेकूपासून लांब बल लावलं, तर काम हलकं का होतं?”

एकुलता एक उजवा हात लेकीचा होता. तिसऱ्या बाकावरून ती बोटं नाचवत होती. दहा मिनिटं उरली होती. लेकीला विचारायचं, उत्तर फळ्यावर लिहायचं, स्वाध्याय द्यायचा, की सुटलो!

लॅबबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर, पोरं ज्याला ढापण्या म्हणायची, त्या मुलावर पडली. जाड भिंगाचा चष्मा आणि डावा हात असा ताठ, की खांदा उखडेल.

“हात खाली,” त्या म्हणाल्या. “कुणालाच कळलेलं नाही. चूक माझी आहे.”

लेकीनं डोळे वटारले. परीक्षकांचं पेन थांबलं.

“सर, मी परत शिकवते.” त्यांनी अख्खा फळा पुसून टाकला. “बाळा, ऊठ. ते दार बाहेर ढकल बघू. पण इथं, बिजागरीपाशी.”

ढापण्यानं जोर लावला. लाल झाला. “बाई, जाम आहे हे!”

“आता या कडेला ये. एकच बोट लाव.”

दार धाडकन उघडलं. वर्ग खदाखदा हसला.

“दार तेच, तूही तोच. मग बदललं काय?”

“जागा!” कुणीतरी ओरडलं.

“बिजागरी म्हणजे टेकू, बाई!”

मग जी झुंबड उडाली! ज्याला त्याला दार ढकलायचं होतं. दार मिटत होतं, उघडत होतं. लॅबबाईंच्या कपाळावर खडूचे पट्टे उमटले होते आणि घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. सगळे जागेवर बसल्यावर त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. एकेक करत उजवे हात वर आले. एक डावा तेवढा राहिला. ढापण्याचाच!

“बाई, होतं कसं ते दिसलं,” तो चाचरत म्हणाला. “पण का होतं, ते नाही कळलं.”

घंटा झाली.

सूत्र फळ्यावर परत यायचं राहिलं होतं. स्वाध्याय राहिला होता. टाचणाची शेवटची दोन पानं तशीच होती.

लेक दप्तर न भरताच बसून राहिली होती. “आई, अगं...” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

“सर, टाचण टेबलावर आहे,” लॅबबाई म्हणाल्या आणि ढापण्याच्या बाकावर जाऊन टेकल्या. त्याची पट्टी घेतली, खाली खोडरबर सरकवला. “हं, आता तुझं बोट इथं ठेव.”

परीक्षकांनी टाचण उचललं आणि ते दाराशी गेले. दार मिटलेलं होतं. त्यांचा हात कडीकडे गेला, थांबला. मग मागं कुणी बघत नाही असं पाहून त्यांनी बिजागरीपाशी दार ढकलून बघितलं.

हललं नाही.

मग ते कडेला सरकले आणि एक बोट लावलं.