वर उचललेला हात

मी एक कागद. वीतभर रुंद, थोडा अधिक उंच, कडांना तांबूस पडलेला. माझ्यावर तपकिरी शाईने काढलेली एक आई आहे, आजारी मूल मांडीवर घेऊन देवाला आळवणारी. अडीचशे वर्षं मी गप्प राहिलो. आज बोलतोय, कारण समोरच्या खाटेवरच्या पोरीचा ताप उतरत नाही, आणि मागायचा माझा हातच गेलाय.

अठराव्या शतकात एका चित्रकाराने प्रार्थनाघराच्या भिंतीवर रंगवायच्या चित्राचा कच्चा आराखडा म्हणून मला काढलं. आधी पातळ शाईने आईचा उजवा हात वर, आभाळाकडे उचलला. तेवढ्यात आतल्या खोलीत त्याचं स्वतःचं तापलेलं मूल रडलं. तो उठून गेला. परत आला, बोरू पुन्हा हातात घेतला. मग दाट शाईने तोच हात पुन्हा काढला. खाली, मुलाच्या कपाळावर. शाई काही खोडता येत नाही. पहिला हात पुसटसा तसाच राहिला.

म्हणून माझ्या आईला तीन हात. पुढे मी या कुटुंबात आलो. इथल्या सुनेचे सासरे मला बघून हसायचे, "बाईमाणसाचं दोन हातांत भागतं कुठे!" पण माझ्यावरची काच त्यांनी जिवापाड जपली.

ते गेले. घर बदललं, सामान हलवताना काच फुटली. सुनेने मला तसंच उघडं लेकीच्या उशाशी टांगलं. लेक सहा वर्षांची, तापाने फणफणलेली. डॉक्टर म्हणाले, औषध चालू ठेवा, वेळ लागेल. आईला कुठला धीर? मलाच देव मानून, हात जोडून ती म्हणाली, "माझी बाय उठून बसेपर्यंत रोज ओल्या फडक्याने तुझी सेवा करीन. एक दिवस चुकायची नाही."

आणि खरंच चुकली नाही. रोज सकाळी वाटीत पाणी, त्यात मऊ फडकं. वाटीतलं पाणी तपकिरी व्हायचं. ती हळहळायची, "किती गं मळ साचलाय तुझ्यावर!"

मळ नव्हता तो, मी होतो. आधी वरच्या हाताची बोटं गेली, मग तळवा. ओरडावं तर कागदाला तोंड कुठलं? आणि ओरडून तरी काय सांगणार होतो, तुझ्या भक्तीने मरतोय म्हणून?

एकोणिसाव्या दिवशी नणंद आली. ती ग्रंथालयात जुनी पुस्तकं सांधते. दारातूनच ओरडली, "वहिनी, थांब! आधी ते फडकं खाली ठेव!"

"वन्सं, नवस आहे माझा. मोडला आणि हिला काही झालं तर? तुम्ही भरून द्याल?"

"अगं, शाई आहे ही! देवाला वाटीत पिळतेयस तू!"

सुनेचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. नणंदेचा आवाज उतरला. तिने मला अलगद खिडकीशी नेलं. "ये, बघ. इथे एक हात होता. मागणारा. मग चित्रकाराचं मन बदललं. कुठे आणून ठेवलाय बघ तो."

एकोणीस दिवस सुनेने मला नुसतं पुसलं होतं, बघितलं ते आज. हातातलं फडकं जमिनीवर ठिबकत होतं. खाटेवरून बारीक आवाज आला, "आई..."

ती वळली. दुसरं स्वच्छ फडकं भिजवलं, पिळलं, लेकीच्या कपाळावर ठेवलं आणि त्यावर आपला तळवा. "सेवा चुकायची नाही," ती पुटपुटली, मला की देवाला, कोण जाणे.

आता मी कोरड्या पुठ्ठ्यावर, खाटेसमोरच्या काचेच्या कपाटात टेकून उभा आहे. ताप अजून आहे. फडकं तासातासाला बदलतंय. माझ्या वरच्या हाताचं मनगट तेवढं उरलंय.

तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर पुसू नका हो. नुसतं बघा.

आणि देवा, उचलायला हात नाही, तेव्हा असंच ऐक. ही पोर उठून बसू दे. राहिलेलं मनगटही घे हवं तर.