नमिताने सांगितलं होतं

कळंबोलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात नमिताच्या जिभेला ड्रायव्हर लोक टरकून असत. गाडी कुठे अडली, माल का उतरला नाही, हे ती फोनवर असं विचारायची की समोरचा थाप मारायच्या आतच खरं कबूल करायचा. उरणकडच्या खाडीकाठची आगऱ्यांची पोर ती. लग्न होऊन सानपाड्याला वरदच्या फ्लॅटमध्ये आली, तरी आवाज काही खाली आला नाही. सासूबाई, जयमालाबाई, म्हणायच्या, "हळू बोल गं, शेजारी ऐकतात."

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर नमिताचं डोकं दुखू लागलं, कवटीत कोणी पहार घालून उचकटतंय असं. तिने वरदला सांगितलं. त्याने बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकरवर. "कमरेत भूल दिली की होतं कधी कधी. जागरणंही असतील. पाणी प्यायला द्या, एक गोळी द्या," त्या म्हणाल्या. घेऊन या म्हणाल्या नाहीत, बीपी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, तेही नमिताने सांगितलं. "बाळंतपणात सगळ्यांचंच दुखतं," जयमालाबाई म्हणाल्या, "आम्ही नाही का काढलं?" वरद म्हणाला, "टेन्शन नको घेऊस, जरा पड."

पुढच्या सकाळी बाळाला पाजताना तिचा उजवा हात एकदम लुळा पडला. बाळ उशीवर घसरून रडायला लागलं. नमिता हाक मारायला गेली, तर तोंडातून नुसती घरघर आली.

बीपी चढून मेंदूत रक्तस्राव झाला होता. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, जीव वाचला. ती घरी आली तेव्हा उजवं अंग ओल्या पोत्यासारखं लटकत होतं आणि शब्द गेले होते. समजत सगळं होतं, तोंडात मात्र काही येत नव्हतं. ही गोष्ट घरात कोणी ध्यानातच घेतली नाही. बघायला येणारे तिच्या डोक्यावरून वरदला विचारायचे, "ओळखते का?" जयमालाबाई बाळाला तिच्यापासून हातभर लांब धरून दाखवायच्या आणि परत घेऊन जायच्या. "देवाने वाचवलं बाई," जो तो म्हणायचा. नमिताला ओरडून विचारायचं असायचं, देवाला मध्ये का आणता, मी तुम्हाला सांगितलं होतं ना? पण ते वाक्य दातांच्या आतच अडकून राहायचं.

मग एक दिवस त्याच डॉक्टरीणबाईंकडे तपासणीला जायचं होतं. नमिताची आई मालतीबाई बाळाला घेऊन सोबत आली. डॉक्टर फाईल चाळत म्हणाल्या, "अशा केसेस फार कमी. आधी काही लक्षण दिसलं असतं तर आपण काहीतरी केलं असतं." मग वरदकडे बघून विचारलं, "डोकंबिकं दुखत होतं का?"

वरदने खाली पाहिलं. "तसं खास काही नव्हतं."

"मेल्या," नमिता म्हणाली.

इतक्या दिवसांत तिच्या तोंडून आलेला हा पहिला धड शब्द. डॉक्टर हसल्या. "अरे वा, बोलायला लागली की!"

त्या हसण्याने नमिताचं टाळकं सरकलं. डावा हात तिने टेबलावर असा आपटला की पेनांचा डबा खाली सांडला. डॉक्टरकडे बोट रोखून ती म्हणाली, "तू. फोन. तू."

"काय म्हणतायत त्या?"

"फोन क्येलता तुमाला," मालतीबाई म्हणाली. "डोका दुखतंय म्हनून फोन क्येला, आसा माझी पोर तवाच मना बोलली. कोनी आयकला नाय. जावय, आता तरी खरा सांग."

"दिवसाला किती फोन येतात, मला कसं आठवणार?" डॉक्टर म्हणाल्या.

वरदने मान वर केली. "केला होता, मॅडम," तो म्हणाला. "मीच केला होता. तिने दोनदा सांगितलं होतं मला."

गाडीत तो रडला. नमिताने खिडकीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात ती बाळाला घेऊन माहेरी निघाली. जयमालाबाई दारात आडव्या आल्या. "तिला स्वतःचा घास उचलत नाही, बाळ काय सांभाळणार?"

"माझं," नमिता म्हणाली. बस, एवढंच.

गावात मालतीबाई रोज बाळाला तिच्या डाव्या कुशीत ठेवायची आणि स्वतः भिंतीला टेकून बसायची, हात न लावता. बोलायला शिकवणारी मुलगी यायची, 'आज हवा छान आहे' असली वाक्यं म्हणायला सांगायची. नमिता नाही म्हणून मान हलवायची. तिला आपलंच वाक्य हवं होतं. ते जुळवताना ती घामाघूम व्हायची, अडली की शिव्या द्यायची. शिव्या मात्र अस्खलित यायच्या. वरद दर रविवारी यायचा, तिच्या पायाचे व्यायाम करून घ्यायचा. ती करू द्यायची. त्याच्याशी बोलायची नाही.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर तिने त्याला गाडी काढायला लावली आणि थेट त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. बाहेरच्या खुर्च्यांवर पोटुशा बायका बसल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने नंबर विचारला. नमिता तिच्याकडे न बघता मधोमध जाऊन उभी राहिली.

"माझं डोकं... दुखत होतं," ती म्हणाली. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, पण आवाज तोच जुना, दणदणीत. "मी सांगितलं. फोनवर... गोळी दिली. तुमचं दुखलं... डोळ्यांपुढे चमकलं... तर फोन नको. इथे या. बीपी... बघायला लावा. बघेपर्यंत... उठू नका."

"मॅडम, प्लीज बाहेर चला," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

कोपऱ्यातल्या एका बाईने आपली पर्स बाजूच्या खुर्चीवरून उचलली. "बसा ताई," ती म्हणाली. "चमकतं म्हणजे कसं, ते नीट सांगा."

नमिता बसली आणि सांगू लागली.