कारभारी विचारायला निघाला

धुळाजीच्या मागं सहा बिऱ्हाडं चालायची आणि सहाशे मेंढरं. मालेच्या डोंगरावर पाऊस उतरायच्या आधी हा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा अख्खा चालता संसार, उगवतीकडच्या कोरड्या मुलखात निघायचा आणि दिवाळीला घरी यायचा. वाट कुठली, तळ कुठं टाकायचा, पाणी कुणाच्या विहिरीचं, हे कारभाऱ्यानं सांगायचं. धुळाजी बोट दाखवील ती दिशा. तीस वर्षांत त्याच्या तोंडून 'ठाव न्हाई' कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याचा त्याला मोठा तोरा होता.

तो तोरा गेल्या साली हिंजवडीजवळच्या माणच्या शिवारात ठेचकाळला. जिथं त्यानं ज्वारीची धसकटं पाहिली होती तिथं उंच भिंत उभी होती, आणि भिंतीमागं त्याहून उंच इमारती. "तात्या, आता?" मागून पुतण्या शैलेशनं विचारलं.

"ठाव हाय मला. कडंनं बोळ हाय," धुळाजी म्हणाला.

बोळ नव्हता. मेंढरं हिंजवडीच्या रस्त्यावर आली, कंपन्यांच्या गाड्यांमध्ये अडकली, आणि भोंग्यांना बुजलेली एक गाभण मेंढी चाकाखाली गेली. त्या दिवशी भाकरी वाढताना सारजाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, "ठाव नव्हतं तर म्हनायचं की, अवो. जीभ काय झडली आसती?" धुळाजीनं खाली बघून भाकरी मोडली. पण ते बोलणं घोंगडीत अडकलेल्या कुसळासारखं त्याला वर्षभर टोचत राहिलं.

यंदा त्यांची लेक सोनाली बारावी सायन्सला ब्याऐंशी टक्के मिळवून पास झाली. वाड्यातली पहिली. निघायला आठ दिवस उरले होते, आणि कॉलेजचे फॉर्मही त्याच आठ दिवसांत भरायचे होते. सहाही बिऱ्हाडं बिरोबाच्या पारावर बसली.

"कंप्यूटर. डोळं झाकून," शैलेश म्हणाला. "हिंजवडी काय लांब हाय?"

"नर्स कर गं तिला," म्हाताऱ्या गोजराबाई म्हणाल्या. "माज्या कंबरंला सुई तरी घरातच मिळंल."

"तुमच्या कंबरंसाठी तिनं जल्म काढायचा व्हय, आत्याबाई?" सारजाबाई म्हणाली. सगळे हसले, आणि हसून झाल्यावर धुळाजीकडे वळले. कारभारी बोलला की ठरलं. पारावरचा शब्द मागं घ्यायचा नाही, ही रीत. सोनाली कडेला उभी होती. गुणपत्रिकेची घडी ती उलगडत होती, पुन्हा घालत होती.

'कंप्यूटर' हा शब्द धुळाजीच्या ओठापर्यंत आला होता. बोललं की मोकळं. पण कंप्यूटर त्याला ठाऊक होता तो त्या भिंतीमागच्या इमारतीएवढाच, नुसता बाहेरून. त्यानं काठी मांडीवर आडवी घेतली.

"मला ठाव न्हाई," तो म्हणाला.

पारावरच्या माना एकमेकांकडं वळल्या. शैलेशला मात्र हसू आवरेना. "घ्या! कारभाऱ्यालाच ठाव न्हाई. मग तात्या, आमी चालायचं कुनाच्या म्हागं?"

धुळाजीचे कान तापले, पण आवाज खालीच राहिला. "शैलेश, म्होरल्या तळावर चारा हाय का न्हाई ते कळंना, तर आपन काय करतो?"

"एक गडी आदल्या दिशी जाऊन बगून येतो."

"तर त्यो गडी म्या. अंदाजानं मेंढरं घातली म्या रस्त्यावर. पोरगी न्हाई घालायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बापलेक माणला गेले. तिथला जयसिंग धुळाजीचा जुना स्नेही. त्याच्या रानात पूर्वी खतासाठी मेंढरं बसायची. आता रानात चार मजले उभे होते आणि खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या. "जयसिंगराव, तुमच्याकडं शिकलेली मानसं ऱ्हात्यात. मला त्यास्नी इचारायचंय," धुळाजी म्हणाला आणि सरळ जिन्याच्या पायरीवर बसला. उतरणाऱ्या प्रत्येकाला त्याचा एकच सवाल. "बाळा, दिसभर काय काम करता? आन त्यात जीव रमतो का?"

"अंकल, कॅब छूट जाएगी," म्हणत एक जण पळाला. एक जण मात्र अर्धा तास बसला आणि मन मोकळं करून गेला.

"आबा, लोक हसत्यात," सोनाली कानाशी पुटपुटली.

"हसू दी. हसनारा थांबतो तरी. तेवढ्यात इचारून घ्यायचं."

मग रेश्मा नावाची मुलगी उतरली. ती नकाशे बनवायच्या कामावर होती. तिनं पायरीवरच लॅपटॉप उघडून या मुलखाचा नकाशा दाखवला. सोनालीनं माले ओळखलं, पौड ओळखलं, धरणाचं पाणी ओळखलं. "आमची मेंढरांची वाट कुटं हाय ह्याच्यात?" तिनं विचारलं.

रेश्मानं नकाशा मोठा केला, लहान केला. "नाही दिसत."

"का न्हाई?"

"मला माहीत नाही गं," रेश्मा म्हणाली. माठातलं पाणी संपलं असं सांगावं तितक्या सहज. "विचारायला पाहिजे कुणाला तरी. तुला गोडी असेल तर पुण्यात भूगोल घेऊन हेच शिकता येतं."

धुळाजी बघत राहिला. एवढी शिकलेली पोर, आणि मान खाली न घालता म्हणते माहीत नाही! तोवर सोनालीचं बोट पडद्यावर चालू लागलं होतं. घोटवड्याकडून हितं वढा, हितं आंब्याखाली तळ, हितं उन्हाळ्यातबी झरा. आणि रेश्मा ते वहीत उतरवून घेत होती. आपल्या लेकीचा शब्द कुणीतरी लिहून घेतंय! धुळाजीनं उगाच फेटा सारखा केला.

पुढचे तीन दिवस दोघं हिंडली. पौडचा जनावरांचा दवाखाना झाला, एक नर्सिंगची शाळा झाली, पुण्यातली दोन कॉलेजं झाली. प्रत्येक खिडकीशी धुळाजी आधी सांगे, "मला यातलं काई ठाव न्हाई. जरा सावकाश सांगा." पहिल्या खिडकीशी त्यानं हे जमिनीकडं बघत सांगितलं. चौथ्या खिडकीशी तो हेच रामराम घातल्यासारखं म्हणाला.

पाचव्या संध्याकाळी पार पुन्हा भरला. धुळाजीनं पाहिलं ते सांगितलं, काय बघता आलं नाही तेही सांगितलं. "हितवर दिसलं. त्याच्या म्होरलं मला दिसत न्हाई. आता पोरगी बोलंल."

पोरीनं पारावर बोलायचं ही रीत नव्हती. सोनालीनं आईकडं पाहिलं. सारजाबाईनं नुसती हनुवटी उचलली.

"भूगोल घेनार म्या," सोनाली म्हणाली. "नकाशाचं शिकनार."

"आन त्यात नोकरी?" शैलेशनं विचारलं.

सोनालीनं त्याच्याकडं सरळ पाहिलं. "ते अजून कळलं न्हाई, दादा. इचारत जाईन." या वेळी कुणी हसलं नाही. शैलेशसुद्धा. "माज्या कंबरंचं तेवढं ऱ्हायलंच," गोजराबाई पुटपुटल्या.

फॉर्म भरला, नाव लागलं, होस्टेल मिळालं. ठरल्या दिवशी वाडा हलला. घोडीवर भांडी बांधता बांधता सारजाबाई गुणगुणत होती:

वाट इचारीतो गं, मेंढराचा माजा धनी
पुसायाची लाज, न्हाई ठेविली त्यानं मनी

चौथ्या मुक्कामाला एका ओळखीच्या बागाईतदारानं हटकलं, "कारभारी, औंदा पोरगी दिसत न्हाई ती?"

धुळाजी याच प्रश्नाची चार दिवस वाट बघत होता. त्यानं आवाज असा लावला की मागच्या बिऱ्हाडालाही ऐकू जावा. "पुन्याला हाय. भूगोल शिकती कॉलेजात!"

"म्हंजे काय शिकती?"

"त्ये दिवाळीला तीच सांगंल," धुळाजी म्हणाला. "या आयकायला. म्याबी बसनार हाय म्होरं."