सहा हात साफ

जानकीरामच्या वहीत दर वर्षी एक आकडा खोटा असे. त्यातल्या एकाने माणूस घेतला होता, आणि हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता, तो म्हणजे जानकीराम.

कुंभकोणम् मागे टाकून साक्कोट्टैच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला नागेरी नावाचं मोठं तळं लागतं. त्याचं पाणी रोज मापायचं काम जानकीरामच्या घराण्याकडे, मराठे राजे तंजावरला होते तेव्हापासून. रीत साधी. पितळेच्या ताटाला चुना फासायचा, त्याला गाठी मारलेली दोरी बांधायची, आणि सूर्य कासराभर वर आला की तराफ्यावरून ते पाण्यात सोडायचं. ताट दिसेनासं झालं की थांबायचं आणि भिजलेल्या गाठी मोजायच्या. एक गाठ म्हणजे एक हात. मग वहीत लिहायचं, 'पाच हात साफ', 'चार हात गढूळ', जे असेल ते. तळाशी चौदा हातांवर जुनी दगडी मोरी आहे, तिला इकडे तूंबू म्हणतात. तिचं लाकडी बूच बुडी मारूनच काढावं लागे, आणि बुडी मारणाऱ्याने आधी वही बघायची, हा गावाचा नियम.

वर्षातला एक दिवस मात्र ताट खुंटीवरच राही. आडी ह्या तमिळ महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीला डोहाळे लागलेले असतात, असं तिकडे मानतात. बायका तिच्यासाठी चित्रान्न, काळी पोत, ताडपत्राची कर्णफुलं घेऊन पाण्यावर येतात. आता गरोदर बाईचं पोट कोणी दोरी घेऊन मापतं का? नजर लागेल की! म्हणून त्या दिवशी माप नाही. पण वहीतलं घर रिकामं ठेवणंही अशुभ, तेव्हा आदल्या दिवसाचाच आकडा पुन्हा लिहायचा. वहीत आकडा दिसला की तो कुठून आला, हे कोणी विचारत नसे. जानकीरामच्या आज्याने तसंच केलं, बापाने तसंच केलं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते सत्तेचाळीस साली. आडी अठराचाच दिवस, स्वराज्याला बारा दिवस उरले होते. बूच फुगून अडकलं होतं आणि ते काढायला जानकीरामचा धाकटा भाऊ तुकोजी पाण्यात उतरला. पंचक्रोशीत त्याच्यासारखा दम कोणाचा नव्हता. पहिली बुडी मारून तो वर आला, तराफ्याला धरून धापा टाकत म्हणाला, "अण्णा, खालीं दुसरेंच पाणी आहे. गार. कांहीं दिसत नाहीं."

आणि जानकीराम म्हणाला होता, "वहींत सहा हात साफ आहे. जा."

तुकोजी गेला. थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर तो कधी नव्हताच. मोरीच्या दोन खांबांमध्ये त्याचा पाय अडकला होता, हे दुपारी कळलं.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? स्वच्छ पाण्यात पट्टीचा पाणबुड्या बुडाला, म्हणजे ताडी प्याला असणार, असं कोणीतरी म्हटलं. संध्याकाळपर्यंत दुकान कोणतं आणि मडकी किती तेही ठरलं. जानकीराम तिथेच उभा होता. 'माप घेतलंच नव्हतं,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? ते त्याने म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तो एकटाच तराफा घेऊन गेला, तांब्या खाली सोडून तळाचं पाणी वर काढलं आणि बघत बसला. वर नितळ पाणी, आणि खाली लाल चिखल. कावेरीचं नवं पाणी आदल्या रात्री पाटाने तळ्यात सोडलेलं होतं. सणाला बायकांना नवं पाणी मिळावं म्हणून ते दर वर्षी सोडतात. गार, जड पाणी वरच्या पाण्यात मिसळत नाही, त्याच्या पोटाखाली शिरतं. ज्या दिवशी मापायलाच हवं, नेमक्या त्याच दिवशी ताट खुंटीवर! चार दिवसांत सगळं तळं सारखं गढूळ झालं आणि कोणाला काही विचारायचं उरलं नाही.

आता अठ्ठावन्न साल होतं. तुकोजीचा मुलगा रघुनाथ चोवीस वर्षांचा झाला होता, कोचीनला आरमारात होता, आणि सुट्टीवर येताना लोखंडी टाकी घेऊन आला होता. ही टाकी पाठीला बांधायची, तिची नळी दातांत धरायची, डोळ्यांवर काच लावायची, की माणूस अर्धा तास पाण्याखाली श्वास घेत फिरतो. गावाला हे ऐकून हसू आलं आणि टाकी बघून ते थांबलं. तूंबूच्या तोंडात ताडाचं खोड अडकून खालच्या शेतांचं पाणी बंद झालं होतं, म्हणून गावातले वडीलधारे शंकरनारायण स्वतः रघुनाथकडे आले होते. दिवस ठरला तो आडी अठराचा, कारण दुसऱ्या दिवशी रघुनाथची सुट्टी संपत होती आणि टाकी आरमारातल्या साहेबाला परत द्यायची होती.

सकाळी पायऱ्यांवर बायकांची गर्दी होती. गोमती, तुकोजीची बायको, विधवा म्हणून नेहमीप्रमाणे मागे उभी होती. रघुनाथ टाकीचे पट्टे आवळत जानकीरामला एकेक विचारत होता. आरमारात हे सगळं विचारून मगच उतरायचं असतं म्हणे.

"काका, तळ किती?"

"चौदा हात."

"शेवाळ?"

"बांधाकडे आहे. तूंबूपाशीं नाहीं."

"ओढ आहे?"

"तोंड बंद आहे तोंवर नाहीं. खोड हललें कीं लागेल. सरळ तोंडासमोर राहूं नकोस."

"दिसतें किती?"

उत्तर यायच्या आत रघुनाथने वही उघडली. आजच्या तारखेपुढे अक्षर अजून ओलं होतं. मघाशीच हात सवयीने लिहून मोकळा झाला होता. 'सहा हात साफ.'

"सहा! मग चैन आहे," रघुनाथ म्हणाला. "बाबा उतरले त्या दिवशींही सहाच होतें, न?"

"भावजींच्या वहीला कशाला दोष," मागून गोमती म्हणाली. "तिनें खरेंच सांगितलें होतें. हे प्याले नसते तर आले असते वर. तूं देवाला नमस्कार कर आणि जा."

ती हे रागाने बोलली नव्हती. पाठ झालेलं बोलावं तसं बोलली, आणि तेच जानकीरामला सहन झालं नाही. भाऊ गेला तेव्हा ही बाई आठ दिवस म्हणत होती, ते पीत नव्हते हो, ते पीत नव्हते. मग हळूहळू तिचा आवाज बसला. अकरा वर्षांत गावाने तिच्याकडून तिचा नवरा काढून घेतला होता, आणि जानकीरामने तो काढून घेऊ दिला होता. आता मुलगा त्याच जागी, त्याच आकड्यावर विसंबून उतरत होता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच!

तो ताडकन उठला, खोपटातल्या खुंटीवरून ताट काढलं, तांब्या घेतला.

"अय्यो! आज?" एक बाई ओरडली. दुसरीने गालावर हात मारून घेतला. शंकरनारायणही पुढे झाले, पण जानकीरामने रघुनाथला तराफ्यावर ओढलं आणि बांबूने रेटा दिला.

तळ्याच्या मध्यावर त्याने ताट सोडलं. रघुनाथ वाकून गाठी मोजत होता. चार. पाच. सहा. सहाव्या गाठीला पांढरं ताट लख्ख दिसत होतं, सातवीला गेलं.

"वही बरोबर आहे कीं!" रघुनाथ हसला. "उगीच बायकांना भेवडविलेंत."

जानकीरामचे हात थांबले. आकडा खरा निघाला होता. सगळ्यांसमोर, देवाच्या दिवशी, माप घेऊन खरा निघाला होता. आता गप्प राहिलं तर जन्मभर कोणी बोट दाखवलं नसतं. एक क्षण, हे लपवण्यात अर्थ नाही, त्याला तसं करावंसंही वाटलं. मग त्याने पुतण्याच्या पायांकडे पाहिलं. पाय अगदी तुकोजीचे होते, अंगठ्याशेजारचं बोट लांब.

त्याने तांब्याला दगड बांधला, तांब्याच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला, बोळ्याला दुसरी दोरी. दहा हात खाली सोडून झटका दिला. वर ओढलेला तांब्या हाताला गार लागत होता. त्याने तो तराफ्यावर तिरका केला. लाल, दाट पाणी रघुनाथच्या पायांवर सांडलं.

"हें तुझ्या बापाचें पाणी," जानकीराम म्हणाला. "आजच्या दिवशीं माप घेत नाहींत. तेव्हांही घेतलें नव्हतें. आदल्या दिवसाचें लिहिलें. तो वर येऊन म्हणाला, खालीं कांहीं दिसत नाहीं. मी म्हटलें, वहींत साफ आहे, जा. तो थेंबभर प्यालेला नव्हता."

रघुनाथने डोळ्यांवरची काच काढली. मग बांबू त्यानेच हातात घेतला आणि तराफा काठाला आणला.

जानकीराम पायऱ्यांवर चढला तो थेट गोमतीपुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं पुन्हा बोलला, घरच्या मराठीत, एकही शब्द न गाळता. गोमती ऐकत राहिली. शंकरनारायणांना काही उमगेना. "काय झालं? काय म्हणतोय हा?" ते तमिळमध्ये विचारू लागले. घरातली गोष्ट घरात ठेवायला ही संधी आयती होती. जानकीराम वळला आणि तेच सगळं त्याने तमिळमध्ये सांगितलं, मोठ्याने, मागच्या बाईलाही ऐकू जाईल असं. ज्या तोंडांनी ताडीची मडकी मोजली होती त्यांतली बरीचशी तिथेच होती. कोणी खाली पाहिलं, कोणी उगीच चित्रान्नावरची माशी हाकलली.

"आज मी उतरणार नाही," रघुनाथ शंकरनारायणांना तमिळमध्ये म्हणाला. "टाकी परत जाऊ दे. पाणी निवळल्यावर दुसरी आणीन." त्यांनी नुसती मान हलवली.

गोमतीने जानकीरामजवळचा तांब्या घेतला. तळाशी उरलेल्या पाण्यात बोटं घातली.

"न्हाऊं घातलें तेव्हां त्यांचे हात असेच होते," ती म्हणाली. "इतके गार. मला वाटलें, मेलेल्या माणसाचे असतात तसे." मग तिचा आवाज चढला. "मी त्यांचा फोटो पेटींत पालथा ठेवला आहे, भावजी! अकरा वर्षें! माझ्या हातानें! तुम्ही रोज समोर बसून जेवत होतां!"

जानकीरामला रडायचाही हक्क नव्हता, तरी तो रडत होता.

"दोरी द्या," गोमती म्हणाली.

त्याला कळलं नाही. तिने त्याच्या हातातून दोरी काढून घेतली, ताट उचललं आणि बायकांच्या मधून, जिथे त्या दिवशी विधवेने पाऊल टाकायचं नसतं तिथून चालत, तराफ्यावर जाऊन उभी राहिली. रघुनाथ बांबू घेऊन तिच्या मागे गेला. कोणीही तिला अडवलं नाही.

मध्यावर पोचल्यावर तिने ताट सोडलं आणि ती मोजायला लागली. आवाज काठापर्यंत स्वच्छ येत होता. सहाला ती थांबली नाही. सात झाले, ताट दिसेनासं झालं, तरी ती दोरी सोडतच राहिली. आठ, नऊ, दहा, अकरा. चौदाला दोरी सैल पडली.

"भावजी, वही घ्या," ती तिथूनच म्हणाली. "तें खोडा. लिहा, सहा हात साफ. त्याच्या खालीं ठाऊक नाहीं."

जानकीराम पायरीवर बसला आणि तिने सांगितलं तसं लिहू लागला.